उठायला वेळ लावणारा निळा ट्रक

मी ट्रक बोलतोय. जरा दम धरा, मला सुरू व्हायला वेळ लागतो. निदान गावात तरी माझी अशीच ख्याती आहे.

माझा जन्म १९६६ सालचा. पहिली दहा वर्षं मी अर्नाळ्याच्या हरिश्चंद्र तांडेलांची सुकी मासळी वाहिली. मग वसईतल्या प्लासिड नावाच्या बागायतदाराने मला विकत घेतलं. केळीचे घड भरून भायखळ्याच्या बाजारात न्यायचे, हे माझं नवं काम. बोंबलांचा वास काही केल्या जाईना, तेव्हा प्लासिडची बायको हिल्डा हिने मला तीन दिवस राखेने घासलं. त्या दिवसापासून त्या बाईवर माझा जीव आहे. उगाच लपवत नाही.

प्लासिडचाही माझ्यावर जीव आहे, पण तो सगळा रंगाच्या डब्यात. यंदा, म्हणजे १९८४ च्या मे महिन्यात, गावच्या क्रूसाचा सण आला तसं त्याने फ्रेडरिक पेंटरला बोलावलं. फ्रेडरिक दिसेल ते निळं करत सुटला. बॅटरीची एक वायर माझ्या पोटाखाली चासीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, बोल्टने आवळलेली असते. त्याने तीही सोडली, तिच्याखाली दोन हात रंग चढवला, वाळू दिला आणि वायर परत घट्ट बसवली. इतक्या निगुतीने हल्ली कोण काम करतो? फादरनी पवित्र पाणी शिंपडलं आणि मी नवरदेवासारखा मिरवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लासिडने किल्ली फिरवली. घुर्रर्र... घुर्र... घु... पाचव्या खेपेला कसाबसा उठलो. आठवड्याभरात मला उठायला अर्धा तास लागू लागला. बाजार उठल्यावर केळी पोचू लागली.

मग माझ्याभोवती डॉक्टर जमले. "बॅटरी मेली," प्लासिड म्हणाला. नवी बॅटरी आणली, तीही दोन दिवसांत दमली. शेजारच्या ॲन्सेल्म मास्तरांनी जन्मात सायकलखेरीज काही चालवलेलं नाही, त्यामुळे ते ठामपणे म्हणाले, "डिझेलात पानी हाय." टाकी उपसली. भालचंद्र मेस्त्रींनी फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, नोझल उघडून पुसले आणि शेवटी इंजिनाला पहिला झटका देणारा सेल्फ काढून घरी नेला. चार दिवसांनी तो चांगला होऊन परत आला. जाताना तो चांगलाच होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हांला एक हॉर्न दिलेला, आणि हॉर्नला लोक शिवी समजतात.

"म्हातारा झालाय," मेस्त्रींनी निकाल दिला. माणसांना कारण सापडलं नाही की ती वयाकडे बोट दाखवतात. प्लासिडने सातिवलीच्या भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितलं. खरं सांगतो, मी घाबरलो. नव्याकोऱ्या रंगात मला कापून काढणार होते.

शुक्रवारी दुपारी प्लासिड शेवटचं म्हणून किल्ली फिरवत बसला. तोंडाने मरियामातेला नवस चालू होता. मी इतके दिवस उभा असल्यामुळे माझ्या पोटाखाली कोंबडीने संसार थाटला होता. हिल्डा अंडी काढायला वाकली, तिचं मनगट वायरीच्या त्या बोल्टाला टेकलं आणि ती किंचाळली.

"अवो, हा बोल्ट कशाला तापलाय?"

"गाडी हाय ती, तापनारच."

"इंजिन थंड नि बोल्ट गरम? आपल्या इस्त्रीची पिन सैल बसली की अशीच तापते. इथंच कायतरी अडतंय. पाना द्या मला."

तिने बोल्ट सोडला. वायरीखाली फ्रेडरिकचा निळा रंग जाड बसला होता, विजेची वाटच अडवून. तो तिने घड कापायच्या कोयत्याच्या टोकाने लोखंड चमकेपर्यंत खरवडला आणि वायर पुन्हा आवळली.

"फिरवा आता."

मी पहिल्या झटक्यात उठलो. कोंबडी पंख फडफडत विहिरीपर्यंत पळाली.

शनिवारी भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. मेस्त्री म्हणाले, नोझल आता बसले. मास्तर म्हणाले, नवं डिझेल लागू पडलं. प्लासिडने सगळं श्रेय नवसाला दिलं. हिल्डाच्या मनगटावरचा फोड कोणी पाहिला नाही.

नवस काय होता, ते आज सकाळी कळलं. ट्रक सुरू झाला तर तो पुन्हा अख्खा रंगवून देईन! या क्षणी फ्रेडरिक माझ्या पोटाखाली आडवा झाला आहे. एका हातात ब्रश, दुसऱ्यात पाना. अहो, कोणीतरी हिल्डाला हाक मारा!

आली बघा. हातात ग्रीस लावलेलं फडकं आहे. खाली बसून तिने ते वायरीसकट बोल्टावर गच्च बांधलं.

"ह्याला ब्रश लागला ना फ्रेडरिक, तर तुलाच निळा करीन."

फ्रेडरिक हसला. ती हसली नाही. गाठ मारताना तिच्या मनगटावरचा काळा डाग मला अगदी जवळून दिसला. प्लासिडबाबा, पुढच्या वेळी नवस बोलायचा झाला, तर आधी घरात विचारून घे.