शिट्टीसाठी थांबलेला पडदा

नाटकाचं सामान उतरवताना आवाजांचा लॅपटॉप कुणाच्या तरी हातून सुटला आणि फरशीवर आपटला. पुन्हा काही सुरू झाला नाही. दुपारचा प्रयोग, तिकिटं सगळी गेलेली. दिग्दर्शक दादा डोक्याला हात लावून विंगेत खाली बसला.

त्याची धाकटी बहीण चिमणी मात्र उभीच होती. नाटकातले आवाज वाजवायचं काम तिचं. त्यासाठी तिने पायथनमध्ये स्वतःचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. एक बटण दाबलं की नाटकातला पुढचा आवाज. प्रोग्रॅम आणि आवाज, दोन्हींची प्रत तिच्या पेनड्राइव्हवर होती.

"इथे ध्वनिकक्षात एक कॉम्प्युटर दिसतोय," ती म्हणाली. "तो चालेल."

नाट्यगृहाचे दिवेवाले काका मागून म्हणाले, "चालतो, पण आमच्या मशीनची जात वेगळी आहे हां. परवा एकाने त्यावर काहीतरी चालवायला घेतलं आणि रडकुंडीला आला."

"मी नाही रडत," चिमणी म्हणाली आणि जिना चढली.

पेनड्राइव्हवरचं सगळं तिने त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. प्रोग्रॅम चालवला. पहिल्याच ओळीला तो अडला: फाइल सापडत नाही. का, ते तिला लगेच दिसलं. प्रोग्रॅममध्ये आवाजांचा पत्ता तिने जुन्या लॅपटॉपच्या पद्धतीने लिहिला होता. डी ड्राइव्ह, मग उलट्या तिरक्या रेघा. या मशीनला ना डी ड्राइव्ह माहीत, ना त्या रेघा.

दादा धापा टाकत वर आला. "झालं?"

"पत्ता बदलतेय."

"हाताने किती ठिकाणी बदलशील?"

"हाताने कशाला? पायथनबरोबर ओएस नावाचा संच येतो, तो त्या त्या मशीनशी त्याच्या भाषेत बोलतो. मी फक्त सांगायचं, प्रोग्रॅम जिथे आहे तिथलाच आवाजांचा फोल्डर घे. तुकडे जोडून पत्ता तो बनवतो. रेघ कुठली घालायची ते त्याचं तो बघेल."

दादाच्या डोक्यावरून गेलं, पण त्याने मान डोलावली. चिमणीने जुना पत्ता खोडून जोडणीची ओळ लिहिली. बटण दाबलं तशी दाराची बेल वाजली, पुन्हा दाबलं तर कुत्रं भुंकलं. दादाचा जीव भांड्यात पडला. "चला, पडदा!"

"थांब," ती म्हणाली. "दोन आवाज वाजले म्हणजे सगळे आहेत असं नाही. एकेक फाइल जागेवर आहे का, आधी विचारून घेते."

तिने तसं विचारणाऱ्या दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं: आगगाडीची शिट्टी नाही.

खाली प्रेक्षक बसायला लागले होते. नाटकाचा शेवट त्या शिट्टीवर उभा होता. रुळांशेजारच्या क्वार्टरमध्ये एकटी राहणारी बाई शिट्टी ऐकते आणि पहिल्यांदा घराबाहेर पडायचं ठरवते. त्या बाईचं काम करत होती मावशी, दोघांच्या आईची बहीण. मेकअप करूनच ती वर आली होती.

"मी विंगेतून शिट्टी मारतो," दादा म्हणाला.

"तुझ्या शिट्टीने गाडी नाही, रिक्षा येईल," मावशी म्हणाली. "चिमणे, तुला वेळ हवाय का?"

"हवाय. मी सांगेपर्यंत पडदा उघडायचा नाही."

दादाने तोंड उघडलं. मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो गुमान खाली गेला.

चिमणीने फोल्डरात खरोखर काय काय आहे त्याची नावं मशीनकडून मागवली. शिट्टी होती! फक्त तिचं इंग्रजी नाव मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत होतं. गेल्या आठवड्यात ती नव्याने रेकॉर्ड केली होती आणि रेकॉर्डरला सगळं मोठ्या अक्षरांत लिहायची खोड. जुन्या लॅपटॉपला लहान-मोठं सारखंच, हे मशीन मात्र काटेकोर.

"मग नाव बदलून टाक की," मागोमाग वर आलेले दिवेवाले काका म्हणाले.

"आज एकाचं बदलेन, उद्या दुसरं निघेल. प्रोग्रॅमलाच समजावते." फोल्डरातली नावं आणि तिला हवी असलेली नावं, दोन्ही लहान अक्षरांत करून मग जुळवायची, असं तिने लिहिलं. पुन्हा तपासणी चालवली. सगळे आवाज हजर. तिने हेडफोनवर शिट्टी शेवटपर्यंत ऐकली आणि खाली वाकून हात केला. पडदा उघडला.

शेवटच्या प्रवेशात मावशी खुर्चीत बसून होती. चिमणीने बटण दाबलं. शिट्टी प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीकडून आली, लांबून, जणू खरंच वळणावरून. मावशीने मान वर केली आणि ठरल्यापेक्षा बराच वेळ तशीच राहिली. मग ती उठली, दार उघडून निघून गेली.

टाळ्या थांबल्यावर दादा वर आला. म्हणाला, "यापुढे पडदा तूच उघडायला सांगत जा."

"सांगेन," ती म्हणाली.

काका दारात घुटमळत होते. "ते मशीनला नावं कशी विचारलीस, मला दाखवशील? इथे रोज नवी मंडळी येतात, रोज नवी रड."

चिमणीने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. पहिली ओळ तुम्हीच टाइप करा."