उलटा ठेवलेला हत्ती

मी एक जुना हत्ती आहे. सोंडेचा नव्हे, मित्रांनो, बुद्धिबळाच्या पटावरचा. पारनेरच्या बाबाजान खराद्याने पलंगाच्या सागवानी पायातून मला कातून काढलं. बत्तीस सोंगट्या झाल्या आणि लाकूड संपलं.

आमच्यावरच त्याची नात अफ्रीन खेळायला शिकली. दहाव्या वर्षी ती आजोबाला हरवू लागली, तेव्हा म्हातारा अंगावरचा भुसा झटकत गल्लीभर सांगत सुटला. मलाही काय मिरवल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर होतं. पण पहिला वजीर पटावरच असेल, तर मेलेल्या मला उलटं ठेवायचं आणि वजीर म्हणायचं, ही आमच्या घरची रीत.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला नगरला जायचं ठरलं. सोंगट्या ज्याच्या त्याने आणायच्या होत्या.

"दादा, एक जास्तीचा वजीर करून द्या की," अफ्रीन आजोबाला दोनदा म्हणाली.

म्हातारा हसला. "कशाला लागतोय? हत्ती उलटा ठेव, झाला वजीर."

लग्नसराईची लाटणी आधी उरकायची होती ना त्याला.

शेवटचा डाव. जिंकली तर राज्य स्पर्धा, नाहीतर घर. तिचं प्यादं पोचलं. तिने मला उलटं ठेवलं, घड्याळ दाबलं आणि पुढच्या चालीला तिरकं सरकवलं. समोरच्या मुलीने हात वर केला. पंच आले.

"उलटा असला तरी हा हत्तीच," ते म्हणाले. "हात लावलास, आता सरळच चालव."

सरळ चालून काय उपयोग? समोरचं प्यादं अडवायला तिरकंच जायला हवं होतं. थोड्याच चालींत ती हरली. मला रडता येत नाही. तीही रडली नाही.

घरी आल्यावर आजोबाने विचारलं, तर "माझीच चाल चुकली," एवढंच बोलली. त्याच्या मनाला लागू नये म्हणून बाकीचं गिळलं पोरीने. तिला हसवायला म्हाताऱ्याने पट मांडला आणि मला मुद्दाम उलटं ठेवलं. तिने मला हळूच सरळ केलं, आम्हाला डब्यात भरलं आणि झाकण लावलं.

दोन वर्षं झाली. तो विचारतो, "मांडायचा का डाव?" ती म्हणते, अभ्यास हाय. पोरीला आपला कंटाळा आला, असं त्याला वाटतं.

मित्रांनो, तुमच्या डब्यात एखादी सोंगटी कमी असेल, तर आजच करून घ्या. घटकाभराचं काम असतं हो ते! आणि कधी माझा डबा उघडलात, तर मला सरळ ठेवा.