दोन गाड्यांचा ट्रेलर

बापाचं, म्हणजे अण्णांचं, मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आणि त्याच गॅरेजात ग्रीस माखत वाढलेली दोन भावंडं. मोठी ताई, धाकटा भिंगरी. भिंगरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं होतं. एका जागी म्हणून बूड टेकत नाही, असं वैतागून अण्णा त्याला लहानपणी भिंगरी म्हणाले आणि ते जन्माचं चिकटलं. दोघंही मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळत. सरळ रस्त्यावर भिंगरी कुणाला ऐकायचा नाही, आणि वळणावर ताई. गेल्या हंगामात अशाच एका वळणावर ताईची गाडी घसरली, मागच्याचं चाक तिच्या मांडीवरून गेलं आणि हाड मोडलं. हाडात सळई बसवली, हाड जुळलं. कुबड्या गेल्या, लंगडणंही गेलं. डॉक्टरांनी गाडीवर बसायला हरकत नाही म्हटलं, त्या दिवशी ती घरीसुद्धा गेली नाही, थेट गॅरेजात येऊन तिने आपल्या गाडीवरची चादर ओढली. ती गाडी तिने भंगारातल्या इंजिनापासून स्वतःच्या हाताने उभी केली होती.

त्याच सुमारास ट्रेलरचा विषय निघाला. मागच्या एका मुक्कामात भिंगरीच्या गाडीचा कार्बोरेटर कुणीतरी अलगद काढून नेला होता. उघड्यावर गाड्या ठेवायच्या आणि रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसायचं, याला सगळेच कंटाळले होते. बंद, कुलूप लागणारा ट्रेलर घ्यायचा ठरलं. भिंगरी म्हणाला, "ताई, तूच निवड. मला रंगाशिवाय काही कळत नाही."

ताईने निवडला, आणि कसा! ट्रेलरवाल्याच्या आवारात तिने त्या माणसाला नको करून सोडलं. एक छोटा, एका ॲक्सलचा, चाकांची एकच जोडी असलेला ट्रेलर स्वस्तात मिळत होता. तिने तो नको म्हटलं, एक टायर फुटला की खेळ खलास. दुसरा दिसायला झकास होता. ती सरळ त्याच्या खाली सरपटत गेली आणि चेहऱ्यावर तांबूस भुगा घेऊन बाहेर आली. गंजावर ताजा रंग मारलेला होता. ट्रेलरवाला आभाळाकडे बघायला लागला. शेवटी दोन ॲक्सलचा, उभं राहून आत काम करता येईल इतक्या उंचीचा एक तिच्या मनास आला. छत गळतं का बघायला ती आत शिरली आणि भिंगरीला दारं लावायला सांगितली. मिट्ट काळोखात ती मान वर करून उजेडाचं भोक शोधत होती आणि बाहेरून भिंगरी पत्र्यावर टकटक करत विचारत होता, "बाई, आत कोण राहतं? भाडं थकलंय." तिला इतकं हसू आलं की मान वर धरवेना. एकही भोक दिसलं नाही.

मग ट्रेलर गॅरेजामागच्या शेडमध्ये आला आणि ताई त्यात राहायलाच गेली म्हणायचं. आधी तळाचं प्लायवूड ठोकून बघितलं, जिथे पोकळ वाजलं तिथे बदललं. त्यावर पाय न घसरणारी रबरी चटई अंथरली. गाडीचं पुढचं चाक जाऊन घट्ट बसेल असे दोन लोखंडी स्टँड तिने स्वतः वेल्डिंग करून बनवले आणि तळाला नुसत्या स्क्रूने न बसवता खालच्या सांगाड्याला बोल्टने आवळले. पट्टे बांधायच्या कड्याही तशाच. गाड्यांचं वजन ॲक्सलच्या जरा पुढे पडलं पाहिजे, नाहीतर ट्रेलर मागून शेपटीसारखा डोलतो, म्हणून दोन्ही गाड्या चढवून, उतरवून, पुन्हा चढवून तिने जागा ठरवल्या. पेट्रोलचा वास कोंडू नये म्हणून भिंतीत खाली-वर झरोके काढले. एका बाजूला घडीचं टेबल, हत्यारांचे कप्पे आणि दाराजवळ हेल्मेट-बुटांची दोन कपाटं. भिंगरी मधूनमधून डोकावून "वा" म्हणून जायचा. त्याची बायको चहा आणून द्यायची आणि कपाटांकडे बघत म्हणायची, ताई, किती जीव ओतताय हो. अण्णा शेडच्या दारात उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. त्यांचा तो स्वभावच, असं ताई समजायची.

काम संपत आलं होतं. एका दुपारी ती रॅम्पची बिजागरी घट्ट करत असताना पाहुणा आला. पाहुणा म्हणजे भिंगरीच्या बायकोचा भाऊ. दोन दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आला होता तो हंगाम उलटला तरी हलला नव्हता, म्हणून गॅरेजात त्याला सगळे पाहुणाच म्हणत. पोरगा चांगला होता, गाडीही बरी चालवायचा. त्याच्या एका हातात नवं हेल्मेट होतं, दुसऱ्यात बूट.

"ताई, माझं हेल्मेट जरा मोठं आहे," तो म्हणाला. "या कपाटात बसतं का बघू?"

"तुझं कशाला इथे?" पाना न थांबवता तिने विचारलं.

तो हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "म्हणजे... या हंगामात मीच ना दुसरा. तुमच्या गाडीवर. भावजींनी शर्यतीला माझं नाव दिलंय." आणि तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला. "तुम्हाला सांगितलंय म्हणाले होते."

"कोण म्हणालं होतं?"

"सगळेच. भावजी, आमची अक्का... अण्णा पण."

ताईने पाना खाली ठेवला. त्या पोराचा त्यात काही दोष नव्हता. ती गॅरेज ओलांडून घरात गेली. भिंगरी, त्याची बायको आणि अण्णा, तिघंही जेवायला बसली होती. दारात उभी राहून तिने विचारलं, माझ्या गाडीवर पाहुणा बसणार आहे हे खरं का?

भावजयीने पदर सावरला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. भिंगरी बोलायला लागला तो थांबेचना. तुझ्या पायाची काळजी वाटते, पुन्हा पडलीस तर काय, अण्णांना झोप लागत नाही, पाहुण्याला संधी हवी होती, गाडी धूळ खात पडण्यापेक्षा बरी, पुढच्या वर्षी बघू. ताई म्हणाली, "हे मला कधी सांगणार होतास?"

"सांगणारच होतो. नाव ट्रेलर घ्यायच्या आधीच दिलं होतं, पण ट्रेलर एकदा होऊ दे म्हटलं."

"का?"

भिंगरी ताटातला भात चिवडायला लागला. "तुझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणी केलं नसतं, ताई."

"म्हणजे सांगितलं असतं तर मी केलं नसतं. म्हणून सांगितलं नाहीस."

अण्णांनी पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "तुझं मन रमलं होतं त्यात. इतक्या महिन्यांनी तुला शीळ घालताना ऐकलं. मला मोडवेना."

ताईला वाटलं होतं की भिंगरीचं बोलणं सर्वांत जास्त लागेल. पण लागलं ते हे. ती त्या शेडमध्ये शीळ घालत होती आणि अण्णा दारात उभे राहून ऐकत होते, सगळं माहीत असताना. आवारातला तो काळोख तिला आठवला. पत्र्यावर टकटक करून हसवणाऱ्या माणसाने तेव्हाच पाहुण्याचं नाव दिलेलं होतं. कुणी दावा साधला असता तर तिला परवडलं असतं. या तिघांनी मायेने केसाने गळा कापला होता आणि वर, तुझ्याच भल्यासाठी, म्हणत होते.

ती शेडमध्ये गेली, रॅम्प खाली सोडला, आपल्या गाडीचे पट्टे एकेक करून सोडवले आणि गाडी एकटीने मागे घेत उतरवली. उतारावर मोडून सांधलेल्या पायावर भार आला तेव्हा कळ मस्तकात गेली. मागोमाग आलेला भिंगरी हात लावायला पुढे झाला. तिने नुसतं बघितलं, तो जागच्या जागी थांबला. पाहुणा हेल्मेट पोटाशी धरून भिंतीला टेकून उभा होता. मी शर्यतीला जात नाही, असं तो कुणाला तरी सांगत होता, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

गाडी बाहेर लावून ताई पुन्हा ट्रेलरमध्ये चढली. भिंगरीला वाटलं, आता ही सगळं उखडणार. तिने खरंच स्टँडचे बोल्ट काढायला घेतले. तिचा स्टँड काढून तिने बाहेर ठेवला आणि मग त्याचा स्टँड सोडवून बरोबर मधोमध आणला, नवी भोकं पाडली, खालून बोल्ट आवळले.

"एकच गाडी एका अंगाला ठेवून निघालास तर वळणावर कुणाच्या तरी अंगावर जाशील," ती म्हणाली. "रस्त्यावरच्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत तिचं काम चाललं होतं. भिंगरी तिथेच घुटमळत राहिला. शेवटी त्याने विचारलं की शर्यतीला ती सोबत येईल ना, ट्रॅकवर गाडीचं काही बिघडलं तर कोण बघणार. ताईला त्या क्षणी आपला भाऊ अगदी अनोळखी वाटला. तिने हात पुसले आणि ट्रेलरमधून उतरून निघून गेली.

भिंगरी एकटाच गेला. ताईने आठवडाभरात हत्यारं उचलली. ज्या ट्रेलरवाल्याला तिने नको करून सोडलं होतं, त्यानेच तिला आपल्या आवारात कोपरा दिला. येणाऱ्या गिऱ्हाइकांचे ट्रेलर आतून सजवायला त्याला असंच कुणीतरी हवं होतं. ती राहायलाही तिथे जवळच एका खोलीत गेली. अण्णा दर रविवारी येऊन बसायचे. ती त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायची, त्यांच्या औषधांची चौकशी करायची. गॅरेजचा विषय त्यांनी काढला की ती उठून काहीतरी कापायला घ्यायची.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला ताई उतरली. भाड्याच्या उघड्या पिकअपमध्ये गाडी घालून गेली. निकालात ती मधेच कुठेतरी आली. वळणांवर पूर्वीची धार नव्हती, पण शर्यत पुरी केली. परत निघताना आभाळ भरून आलं होतं. ती गाडीवर ताडपत्री टाकत होती तेवढ्यात भिंगरी आला.

"ट्रेलरमध्ये जागा आहे, ताई. आत घाल. भिजेल उगाच."

"भिजू दे."

तो म्हणाला, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली.

त्याने पलीकडच्या बाजूने ताडपत्रीचं टोक धरलं, दोरी कडीतून ओवली, गाठ मारली. ताईने त्याला अडवलं नाही. तो गेला, ट्रेलर मैदानातून मुख्य रस्त्याला लागून दिसेनासा झाला, तशी ती पलीकडे गेली. गाठ चांगली होती, तिनेच शिकवलेली. ती तिने सोडली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली.