जिना आहे असं धरायचं

गल्लीत त्याला सगळे बिल्डर म्हणत. नाव पाडलं होतं त्याच्या बायकोनेच, आणि ते लाडाने पाडलं असं तिचं म्हणणं होतं. आयुष्यात त्याने शेकड्यांनी घरं बांधली, गोदामं बांधली, पूल आणि स्टेशनं बांधली, आणि स्वतः मात्र भाड्याच्या दीड खोलीत राहिला. त्याची सगळ्यात उंच इमारत हातभरसुद्धा नव्हती.

टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडून लढाया खेळणारी मोठी माणसं असतात. चांगली पिकल्या दाढ्यांची, पोराबाळांची माणसं. रविवार आला की फासे टाकून एकमेकांच्या पलटणी गारद करतात. त्यांना लढायला गाव लागतं, आणि ते धडधाकट असून भागत नाही, पडकंच लागतं. बिल्डर त्यांना पडकं गाव पुरवायचा.

इतर कारागीर सरळ पडक्या भिंतीच कापतात आणि मोकळे होतात. याची रीत वेगळी. हा आधी अख्खं घर बांधायचा. पुठ्ठ्याच्या भिंती, आइस्क्रीमच्या काड्यांची जमीन, भिंतीला रंगीत कागद, दाराशी खुंटी, खुंटीला चिंधीचा कोट. मग तोफेचा गोळा कोणत्या बाजूने आला ते ठरवायचा आणि त्या बाजूने ते घर हाताने मोडायचा. "जे कधी उभंच नव्हतं, ते पडणार कसं?" असं त्याचं तत्त्वज्ञान. बायको म्हणायची, "आधी जेवू घालायचं आणि मग गळा दाबायचा, तसलं काम आहे तुझं." मग ढिगाऱ्यावर वाळू, विटेचा चुरा आणि शेवाळ म्हणून वाळवलेला चहाचा चोथा. ही घरं विकणारा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, की याच्या घरात आधी कुणीतरी राहत होतं असं वाटतं.

फक्त जिना नसायचा. शिपायाच्या पायाखाली गोल चकती असते, ती पायरीवर टेकत नाही, शिपाई कोलमडतो. म्हणून खेळणाऱ्यांनी आपसात ठरवून टाकलेलं, जिना आहे असं धरायचं. खालचा शिपाई उचलायचा आणि वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायचा. बिल्डरच्याही हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याचा हात जिन्याकडे वळायचाच नाही. हाताला एकदा वळण लागलं की तो डोक्याला विचारायला जात नाही.

मग दादाच्या शहरावर खरोखरच्या तोफा सुरू झाल्या.

दादा, म्हणजे बिल्डरचा थोरला भाऊ, बस चालवायचा. गोळा पडला तेव्हा तो बसवर होता आणि घरात वहिनी एकटी होती. तो धावत पोचला, तर घराच्या जागी ढीग. त्याने नुसत्या हातांनी उपसायला सुरुवात केली आणि शेजारची अर्धवट उभी भिंत त्याच्या अंगावर आली. जखमींच्या गाडीने त्याला बिल्डरच्या शहरातल्या इस्पितळात आणलं, ते बेशुद्धच. मधूनच डोळे उघडायचा, छताकडे बघायचा, ताप चढला की पुन्हा मिटायचा. बोलायचा नाही.

वहिनी ढिगाऱ्याखाली होती. आई गेल्यावर तीन वर्षं तिनेच बिल्डरला त्या घरात वाढवलं होतं. ती शिवणकाम करायची. तिच्या कापडाच्या गठ्ठ्यांतल्या पुठ्ठ्याचंच त्याने आयुष्यातलं पहिलं घर केलं होतं, आणि त्यापायी तिची चांगली कात्री बोथट करून शिव्याही खाल्ल्या होत्या. ती कात्री तिने शेवटी त्यालाच देऊन टाकली. अजून टेबलावर होती.

तिसऱ्या दिवशी दादाच्या शेजारच्या प्लंबरचा फोन आला.

"भाऊ, ऐका. आम्ही चारच माणसं आहोत. उपसायचं मशीन मिळतंय, पण उद्याच्या दिवसापुरतंच. पुढे त्याला दुसरीकडे जायचंय. अख्खा ढीग काही उपसून होणार नाही. तुम्ही राहिलाय त्या घरात. एक जागा सांगा, तिथेच खणतो."

"जिवंत आहे का ती?"

"आज आतून ठकठक आल्यासारखी वाटली. आता खरी की मनाची, काय सांगू? पण लवकर सांगा."

बिल्डर टेबलाशी बसला. त्याला एकच गोष्ट येत होती, ती त्याने केली. दादाचं घर बांधायला घेतलं. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, तिची गल्लीकडची खिडकी. कात्री वहिनीचीच. ओटा केला, ओट्यावरची फळी केली, त्या खिडकीचं एक दार कधीच नीट लागायचं नाही, ते तिरकं चिकटवलं. तीन वर्षांची आठवण त्याच्या बोटांतून भराभरा उतरत होती, आणि कधी नव्हे ती बायको काही न बोलता काड्या कापून देत होती.

घर उभं राहिलं. बायकोने ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"हे नको ना मोडू," ती म्हणाली.

"मोडल्याशिवाय कळणार कसं?"

प्लंबरने सांगितलं होतं की गोळा पुढच्या रस्त्याकडून आला. बिल्डरने पुढून अंगठे लावले आणि दाबलं. पुढची भिंत आत आली, वरचा मजला तिरका होऊन खाली बसला आणि मागच्या ओट्यावर टेकला. ओट्याच्या खाली तंबूसारखी फट उरली. गोळा पडला ती स्वयंपाकाची वेळ, आणि त्या वेळी वहिनी स्वयंपाकघरातच असायची. त्याने फटीत लाल टाचणी टोचली, फोटो काढला आणि पाठवून दिला. त्याला त्या क्षणी, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानसुद्धा वाटला.

दुसऱ्या दिवशी मशीन लागलं. संध्याकाळी प्लंबर बोलला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"फट होती भाऊ. अगदी तुम्ही दाखवली तिथेच. पण आत कुणी नाही. शेगडीवर पातेलं आहे नुसतं."

"आणि ठकठक?"

"आज दिवसभर मशीनच चालू होतं. काय ऐकू येणार? आता गेलं ते."

रात्रीतून दादाचा ताप उतरला. सकाळी इस्पितळातून कळलं की तो शुद्धीवर आहे, ओळखतोय. बिल्डरने मोडलेलं घर पुन्हा सांधलं, खोक्यात घातलं आणि तसाच धावला. घर खाटेवर दादाच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "दादा, फक्त दाखव. कुठे असेल ती?"

दादाने बराच वेळ पाहिलं. बँडेजमधून बाहेर आलेलं एक बोट त्याने हळूच पुढच्या दारातून आत घातलं. बोट डावीकडे वळलं, भिंतीला लागलं आणि तिथेच चाचपडत राहिलं.

"जिना कुठाय?" तो म्हणाला.

बिल्डर घरावर वाकला. डावीकडे नुसती भिंत होती.

"जिन्याखाली बसते ती. तोफा लागल्या की तिथेच. तिचं शिलाई मशीनही तिथेच हलवलंय. पाण्याचा कॅन भरून ठेवतो मी रोज कामावर जाताना." दादाने वर पाहिलं. "जिना का नाही केलास रे?"

त्याच जिन्यावरून बिल्डर तीन वर्षं वर-खाली धावला होता. त्याच्या पायऱ्यांवर बसून वहिनीच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण पुठ्ठा हातात आल्यावर हाताने केलं ते नेहमीचंच. तो बाहेर पळाला आणि त्याने फोन लावला.

पलीकडून प्लंबर म्हणाला, "स्वयंपाकघरातून उपसलेलं सगळं त्या जिन्याच्या बाजूलाच टाकलं ना आपण. तीच बाजू मोकळी दिसत होती फोटोत."

मशीन गेलेलं होतं. चौघांनी पाट्यांनी उपसलं. दिवस मावळायच्या सुमारास फोन आला आणि प्लंबरच्या पहिल्या श्वासावरूनच बिल्डरला कळलं.

"जिना धड होता हो. एक पायरी निखळली नाही. वहिनींना कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. पण वरून भराव पडला, हवा कोंडली असणार. कॅन पार रिकामा होता. तुम्हाला म्हणून सांगतो भाऊ, कालपर्यंत जिवंत होत्या त्या."

बिल्डर इस्पितळाच्या पायऱ्यांवरच खाली बसला. तिला युद्धाने जिवंत सोडलं होतं, आणि त्याने टाचणी लावून मारलं होतं. हे तो बायकोशी एकदाच बोलला. ती म्हणाली, "हे दादांना कळता कामा नये. मेल्यावरही नाही." दादाला तिनेच सांगितलं, की वहिनी तिथल्या तिथे गेली. दादाने काही विचारलं नाही.

दादाला घरी आणलं. दीड खोलीतली अर्धी त्याची झाली. तो टेबलाशी बसून राहायचा, जेवण पुढे तसंच निवायचं. बिल्डरने कितीतरी दिवसांनी काम हातात घेतलं. दुमजली घर, जुनीच ऑर्डर. त्याने काडीपेटीतल्या काड्या कापल्या आणि एकेक पायरी चिकटवायला लागला.

दुकानदार माल बघायला आला तेव्हा वैतागलाच. "हे काय नवीन खूळ? शिपाई उभे राहणार नाहीत याच्यावर. जिना आहे असं धरतात सगळे, माहीत नाही का तुला?"

"त्यांना धरू दे," बिल्डर म्हणाला. "मी करणार."

दुकानदार तणतणत गेला. दादा इतका वेळ बघत होता. त्याने काडीपेटी जवळ ओढली, बऱ्या झालेल्या हाताने एक काडी मोडून बरोबर मापाची केली आणि बिल्डरच्या पुढे धरली. मग दुसरी. चार-पाच पायऱ्या अशाच झाल्या.

"तो कॅन सापडला का रे?" दादाने विचारलं.

बिल्डरचा हात थांबला. कोपऱ्यात भांडी घासणाऱ्या बायकोचाही.

"सापडला."

"मी भरला होता त्या दिवशी. भरलेलाच होता ना?"

"भरलेलाच होता."

"पूर्ण?"

"काठोकाठ, दादा. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं."

दादाने सुस्कारा सोडला, मान हलवली आणि पुढची काडी त्याच्या हातात दिली.