सुकट बाहेर, वास आत

चिलिका सरोवराच्या काठावर बेहेरांच्या घरात सरकारचा फुकटचा गॅस मंगळवारी आला, आणि तेव्हापासून कुंतलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. लाल टाकी, चकचकीत शेगडी, मधे केशरी नळी. नवरा होडी घेऊन चार दिवसांसाठी गेलेला. घरात ती, सासू चंचला आणि चार वर्षांची टुनी.

गॅस वाटपाच्या मेळाव्यात एका बाईने नीट समजावलं होतं. "गॅस हवेपेक्षा जड असतो. सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. कुजका वास आला तर काडी नाही, दिवा नाही. टाकीची कळ बंद करायची, दारं उघडायची, बाहेर पडायचं." कुंतलाने हे इतकं पाठ केलं की शेगडी पेटवायचं धाडसच होईना. ती आपली परसातल्या मातीच्या चुलीत सुरूचा पाला जाळत राहिली.

"सरकारने काय ते बघत बसायला दिलंय?" चंचला खोकत म्हणाली. "माझे डोळे गेले धुराने. आता तुझेही घालव."

"माणबसा होऊ द्या, आई. मग पेटवू."

माणबसा म्हणजे मार्गशीर्षातला गुरुवार. त्या सकाळी भाताने भरलेल्या मापावर लक्ष्मी येऊन बसते. आदल्या दिवशी घर सारवायचं, मासळीचा कणही घरात ठेवायचा नाही. कुंतलाने बुधवारी सुकटाची टोपली स्वयंपाकघरातून उचलून काठावरच्या जाळ्यांच्या खोपीत टांगली. चंचलाने मात्र टाकी आणि शेगडी उचलून कोठीच्या खोलीत, भाताच्या कणगीशेजारी ठेवायला लावली. नवी लक्ष्मी ती, तिची जागा तिथेच. त्या खोलीला खिडकी नव्हती.

गुरुवारी उजाडताच चंचलाने घरातली सगळी भांडी चिंच-राखेने घासली. तळ्यावर अंघोळ करून कुंतला परतली, तेव्हा सासू कोठीतून हात पुसत येत होती.

"तुझ्या त्या शेगडीचे, टाकीचे सगळे फिरते कानही पिळून पिळून घासले. नवी असली म्हणून काय झालं?"

कुंतला हसली आणि उंबऱ्याशी पावलं काढायला बसली. तांदळाच्या पिठीच्या पाण्यात हात बुडवायचा आणि लक्ष्मीची पावलं काढायची, सगळी घरात येणारी. मधेच वास आला. सुकटाचा, थोडा कुजका. तिने लक्षच दिलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून हे घर असंच वासतंय.

दहा पावलं झाली. अकराव्याला हात थांबला.

सुकट तर खोपीत आहे.

आत मधल्या खोलीत टुनी चटईवर झोपली होती. जमिनीवर. आणि त्याच खोलीत चंचला हातात पेटलेला दिवा घेऊन मापाला ओवाळत होती. त्यानंतर दिवा कोठीत जाणार, हे ठरलेलं.

"आई, तिथेच थांबा!"

"ओरडू नकोस, पूजा चाललीय."

"दिवा विझवा! गॅस सुटलाय!"

"आज दिवा विझवू? लक्ष्मी दारात उभी असताना? सुकट वासतंय ते. जा, हात धू." बोलता बोलता चंचला कोठीकडे वळलीसुद्धा. दार लोटलेलं होतं. तिने मोकळा हात पुढे केला.

कुंतला धावली. ओली पावलं तुडवत, उंबरा ओलांडत. पिठीने भरलेल्या पंज्याने तिने ज्योत मुठीत धरली. चर्र झालं. दिवा विझला. चंचलाचा हात दाराला टेकलेला, आणि फटीतून तो वास आता भपकाऱ्याने येत होता.

"टुनीला घ्या. बाहेर पळा. बोलू नका."

सासूने पोरीला छातीशी कवटाळलं. कुंतला श्वास रोखून कोठीत शिरली, चाचपडत टाकीची कळ फिरवली, घराची दोन्ही दारं सताड उघडली. मग तिला परसातली चूल आठवली. राखेखाली निखारे होते. ते रात्रंदिवस जपायचे असतात. तिने घागर उचलून चुलीवर उपडी केली.

तिघी लांब सुरूच्या झाडाखाली बसल्या. टुनी रडत होती.

"दिवाही गेला, चूलही गेली," चंचला म्हणाली. "माझ्याच हाताने फिरला असेल ना गं तो कान?"

"फिरला असेल. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आई. मेळाव्याला मी एकटीच गेले होते. घरी येऊन मी नुसतीच भीत बसले."

दुपार कलली तेव्हा घरात शेणाच्या सारवणाचा वास येत होता, दुसरा कुठलाच नाही. कुंतला चारदा जमिनीला नाक लावून आली. उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं आत जाणारी, आणि त्यांच्यावरून तिची स्वतःची, फाकलेली, घाईची.

पूजा अर्धीच राहिली होती. चंचलाने काड्यांची पेटी काढली, हातात फिरवली आणि सुनेपुढे धरली.

"दिवा तूच लाव. मला नाही होत."

कुंतलाने काडी काढली. पोळलेला तळवा ठणकत होता. तिने पुन्हा एकदा खोल श्वास घेऊन वास पाहिला.

"टुनीला घेऊन झाडाखाली जा, आई," ती म्हणाली. "हाक मारेपर्यंत येऊ नका."