जुन्या गावावरून जाताना

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, पण माझा आवाज नवा आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, जिथं उसाचं रान संपतं आणि पाण्याचं रान सुरू होतं, तिथं तुम्ही सकाळी उभे राहिलात तर मी दिसायच्या आधी ऐकू येईन. फट् फट् फट् फट्. बगळे उडतात, केळीच्या बागेतली कुत्री भुंकतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मी ढगासारखी यायची. ना चाहूल, ना कुणाच्या झोपेला धक्का.

मला चांदसाबनं आपल्या हातानं बांधलं. बाभळीच्या वाकड्या फांद्यांच्या बरगड्या, आंब्याच्या फळ्या, फटींत सुताचा पीळ आणि वरून डांबराचे दोन हात. मग त्यानं मला पाण्यात लोटलं आणि पाण्यानं मला उचललं. ते उचलणं मी अजून विसरले नाही. एवढं मोठं पाणी, पार आभाळाला टेकलेलं, आणि माझ्यासारख्या लाकडाच्या टोपलीला त्यानं तळहातावर घेतलं!

शीड शिवलं सायराबानूनं, चांदसाबच्या बायकोनं. तिचं माहेर सोलापुरातलं, यंत्रमागावर काम करणारं. मागावर बिघडलेल्या चादरींचे तुकडे जोडून तिनं ते उभं केलं. त्या चादरींवर मोर होते. वारा भरला की मोरांच्या छात्या फुगायच्या आणि काठावरची लेकरं ओरडायची, "मोर आला, मोर आला!"

माझं काम सोपं होतं. पलीकडच्या काठावर हायस्कूल आणि दूध डेअरी. रस्त्यानं जावं तर पुलावरून तीस किलोमीटरचा फेरा. म्हणून सकाळी शाळेच्या मुली आणि दुधाच्या किटल्या घेऊन मी वाऱ्यानं जायची आणि नंतर वल्ह्यानं परत यायची. माझ्या शिडाला एकच वाट ठाऊक होती, वारा ढकलील ती. आणि वारा ढकलायचा तो नेमका जुन्या गावावरून.

जुनं गाव म्हणजे धरण भरलं तेव्हा बुडालेलं गाव. माणसं वरच्या माळावर राहायला गेली, घरांची जोती खालीच राहिली. पाणी नितळ असलं की मला खाली चावडीचा दगड दिसे, आडाचा गोल काठ दिसे, दोन भिंतींमधून गेलेली बोळ दिसे. त्या बोळीतून आता मासे जात होते, रांगेनं, शाळेला निघाल्यासारखे. दरवेळी माझ्या फळ्यांवर शहारा यायचा. मी एका गावाच्या आभाळातून चालले होते!

तिथं आलं की चांदसाब शीड उतरवायचा. इथल्या सगळ्या होड्यांची ही रीत. कुणाच्या घरावरून जायचं तर जोरानं जायचं नाही. होडी आपसूक तरंगत पुढं सरकायची, बोलणं थांबायचं, आणि निंगव्वा पाण्यात हात घालायची.

निंगव्वा म्हणजे दूध घेऊन येणारी धनगराघरची बाई. तिची आई कानडी मुलखातली, मैंदर्गीकडची, म्हणून नाव असं. ती स्वतः मात्र जन्मली जुन्या गावात. पाण्यात बोटं बुडवून ती हलक्या आवाजात ओवी म्हणायची:

पाण्याखाली माझं जोतं, मासा अंगणी घाली फेर,
वाऱ्यादादा तूच सांग, कसं हाय माझं म्हायेर?

तिच्या शेजारी तिची भाची बसायची, प्रियंका, यंदा दहावीला. "आत्या नेती-आणती म्हून साळा," असं तिच्या बापानं, अभिमन्यूनं, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

पण वारा हा काही नोकर नव्हे. कधी तो यायचा, कधी मधेच बसून राहायचा. मोर मान टाकायचे, आणि पलीकडं शाळेचं गेट बंद व्हायचं. एकदा अभिमन्यू स्वतः काठावर आला.

"चांदसाब, तुमच्या वाऱ्याला सांगा की, साळंची घंटा साडेसातला हुती."

"आमचा वारा अडाणी हाय, अभिमन्यूराव. त्याला घड्याळ कळत न्हाय," चांदसाब हसून म्हणाला.

अभिमन्यू हसला नाही. "मंग पोरगी बी अडाणी ऱ्हाऊ द्या. गेटाभाईर ताटकळती बिचारी. ह्या म्हैन्यात आजून एकदा उशीर झाला, तर घरी बसवतो."

प्रियंकानं दप्तर छातीशी धरलं. 

तेव्हा पुढं झाली झीनत, चांदसाबची सून. तिच्या माहेरी पाणी उपसायची इंजिनं, ती लहानपणापासून हँडल मारणारी. तिनं माहेरचं एक जुनं डिझेल इंजिन मागून आणलं. मोडनिंबच्या फिटरकडून मागं पाण्यात फिरणारा पंखा बसवून घेतला. डोलकाठी उतरली, मोरांची घडी झाली, आणि पुढच्या सकाळी मुली आणि किटल्या नेहमीसारख्या चढल्या.

"अब्बा, बसा नीट," म्हणून तिनं हँडल फिरवलं.

मित्रांनो, काय सांगू! पोटात एक धडधडतं काळीज बसावं तसं झालं. पाण्यावर सुरकुती नव्हती, पान हलत नव्हतं, आणि मी चालले होते! वाऱ्याशिवाय! पाणी दोन्ही बाजूंनी नांगरटीसारखं उलगडत होतं. चांदसाब माझ्या काठाला धरून ओरडला, "झीनत, ही खोकतीया का हसतीया गं?"

"हसतीया, अब्बा. पैल्यांदाच धावतीया की!"

पण जुनं गाव आलं आणि सवयीनं चांदसाब म्हणाला, "थांब. बंद कर." झीनतनं इंजिन बंद केलं. निंगव्वानं पाण्यात हात घातला, ओवी म्हटली. मग झीनतनं हँडल मारलं. इंजिन रुसलं. तापलं की ते असंच रुसतं. दहा वेळा मारलं, वीस वेळा मारलं, झीनतचे तळवे सोलले. शेवटी वल्ही काढली. गेट बंद व्हायला आणि मी काठाला लागायला एकच गाठ पडली. शिपायानं प्रियंकाला कसंबसं आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन बंद केलं नाही. मी फटफटत गावावरून गेले. चावडीचा दगड दिसला नाही, सगळं पाणी ढवळून गढूळ झालं. निंगव्वाच्या ओठांवरची ओवी मला दिसली, पण ऐकू आली नाही. पलीकडं उतरल्यावर ती म्हणाली,

"चांदसाब, कुणाच्या घराच्या पत्र्यावर ट्राक्टर चालवता का वो तुमी?"

"न्हाय, आक्का."

"मंग मी बी बसायची न्हाय. दूध नासलं तरी चालंल."

आणि आत्या नाही तर प्रियंकाही नाही. तिसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. चौथ्या दिवशीही. मी वेळेत पोचत होते, आणि जिच्यासाठी पोचायचं तीच नव्हती. वेगाचं एवढं कौतुक वाटलं होतं मला. तो वेग आता माझ्याच अंगाला टोचू लागला.

त्या दुपारी चांदसाब काठावर उकिडवा बसला होता. झीनत इंजिन पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"अब्बा, आपुन गावावरनंच का जातो?"

"आता हे काय इचारनं? वारा तिकडनंच न्यायाचा."

"वारा न्यायाचा. आता कोन नेतंय?"

 चांदसाब कपाळावर हात मारून एवढा हसला, एवढा हसला, की डोळ्यांत पाणी आलं. वारा गेला होता, पण त्याची वाट आम्ही मुकाट्यानं धरून बसलो होतो!

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता त्यानं निंगव्वाला काठावर बोलावलं. "बसू नगंस. नुसती बघ." आणि झीनतनं मला वळवलं. मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा वळले, माझ्या मर्जीनं, वाऱ्याला न विचारता! जुन्या गावाला बाजूला ठेवून मी मोठा वळसा घेतला आणि परत आले. गावावरचं पाणी आरशासारखं निजलेलं होतं.

निंगव्वा कंबरेवर हात ठेवून बघत होती. "चुकलं," ती म्हणाली.

झीनतचा चेहरा उतरला. "काय चुकलं, आक्का?"

"गाव डाव्या हाताला घेतलंस की गं. उजव्या हाताला घ्यावं. परदक्षिणा हाय ती." आणि मागं घराकडं वळून ओरडली, "पियंके! दप्तर घे. चल, गेट लागंल."

आता रोज जाताना गाव माझ्या उजव्या हाताला असतं, आणि येताना दुसऱ्या अंगानं, तेव्हाही उजव्याच हाताला. रोज एक फेरा पुरा होतो. निंगव्वा लांबूनच पाण्यात हात घालते आणि माझ्या फटफटीवर चढ्या आवाजात ओवी म्हणते. घंटा व्हायच्या आत प्रियंका गेटातून आत जाते.

मित्रांनो, तुमच्याही हाती एक दिवस इंजिन येईल, माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. जरूर धावा. पण ज्याला वळता येतं त्यानं कुणाच्या अंगणावरून जाऊ नये. वळशाला थोडं डिझेल जास्त लागतं. लागू द्या.