मावशीचा नंबर

उजव्या डोळ्याची काच तिने डाव्या डोळ्याच्या मापाने घासली आणि फ्रेममध्ये बसेना म्हणून अंगठ्याने दाबली. काच कोपऱ्यापासून तडकली. सकाळपासूनची ही दुसरी. बावीस वर्षं ती या दुकानात चष्म्याच्या काचा घासत होती, पण एका दिवसात दोन काचा तिने कधी वाया घालवल्या नव्हत्या.

“राहू द्या, भिंगताई,” मालक काउंटरमागून म्हणाले. “आज तुमचं चित्त थाऱ्यावर नाही. टीव्ही बंद करू का?”

“नको. चालू असू दे. आवाज तेवढा कमी करा.”

भिंगताई हे नाव मालकांनीच पाडलं होतं आणि गिऱ्हाइकांनी ते उचललं होतं. टीव्हीवर मघापासून तीच चित्रं फिरत होती. आडवा झालेला विजेचा खांब, रस्त्यावर बसलेली माणसं, अर्धा गेलेला पूल आणि पुन्हा तो खांब. पावणेअकराला तिकडे जमीन हलली होती. तिकडे म्हणजे दोन दिवसांच्या प्रवासावर, जिथे तिचा धाकटा भाऊ बायको आणि मुलीसह तिसऱ्या मजल्यावर राहत होता. इथे काहीच हललं नव्हतं, तिच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा नाही.

तो पेला पिण्यासाठी नव्हता. लहानपणी तिचं स्वतःचं गाव भूकंपात भुईसपाट झालं, तेव्हापासून ती जिथे बसेल तिथे अर्धा पेला पाणी ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने त्यावर नजर टाकायची. मशीन चालू असलं की पाणी थरथरायचं. ती थरथर वेगळी आणि जमिनीची वेगळी, हे तिला झोपेतही कळलं असतं. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने तहानेने पेल्याला हात घातला, की मालक घाईने म्हणत, “तो नको, तो पहाऱ्यावर आहे.”

चष्म्यासाठी खोळंबलेले निवृत्त मास्तर बाकावर बसून होते. चष्म्याशिवाय त्यांना टीव्ही दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं आणि बोलायला तर चष्मा लागतच नाही.

“अहो, जीव टांगणीला लावून कशाला बसायचं? सरळ फोन लावा भावाला.”

“नाही लावायचा.”

“भांडण आहे का?”

“नाही हो. आमच्यात तसं ठरलंय. असं काही झालं तर एकमेकांना फोन करायचा नाही. दोघांनीही मावशीला करायचा. त्याचं काय ते मावशी मला सांगणार, माझं काय ते त्याला.”

“मग मावशींना विचारा की.”

तेही खरंच होतं. तिने हात पुसले, मोबाइल काढला आणि मावशीचा नंबर लावला. नाव शोधावं लागलं नाही, तो नंबर बोटांनाच पाठ होता. पलीकडे घंटी वाजायला लागली. मावशी ओले हात पुसत आतून येणार, मग चष्मा शोधणार, मग रिसीव्हर उचलणार, म्हणून दहा घंट्या धीर धरायचा हे ठरलेलं. ती मोजत राहिली. नवव्या घंटीला तिला आठवलं, की मावशीला जाऊन सात महिने झाले.

तिने फोन कानापासून काढला, पण बंद केला नाही. तिकडे रिकाम्या घरात घंटी वाजत होती. म्हणजे लाइन अजून चालू होती. ती बंद करण्याचा अर्ज तिनेच तीन महिन्यांपूर्वी दिला होता आणि अर्ज तसूभर हलत नाही म्हणून त्या कार्यालयाला येताजाता नावं ठेवली होती. भाऊ तेव्हा म्हणाला होता, “राहू दे ना अजून.” त्यावर ती फटकन बोलली होती, “गेलेल्या माणसाचा फोन ठेवून काय करायचंय?” मावशी गेल्यावर दोघं पोटभर रडली होती. घर आवरलं, भांडी वाटून घेतली. पण आता एकमेकांची खबर कुणाकडे ठेवायची, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

आता मोबाइल हाताशी नसेल तर त्याला दुसरा कुठला नंबर पाठ होता? तोही असाच कान लावून, घंट्या मोजत उभा असेल.

“मालक, मी जाते,” ती म्हणाली. “मास्तरांचा चष्मा उद्या करते.”

“तोवर मी टीव्ही ऐकतो,” मास्तर म्हणाले. “जा तुम्ही.”

मावशीचं घर चार रस्ते पलीकडे, तळमजल्यावर होतं. दार उघडून ती चपलांसकट आत शिरली. फोन खिडकीजवळच्या भिंतीवर होता तिथेच होता. खाली मावशीची वही आणि वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. शेजारी ते लाकडी स्टूल. तिने स्वयंपाकघरातून अर्धा पेला पाणी आणून खिडकीत ठेवलं आणि स्टुलावर बसली. मग उठली. मग पुन्हा बसली.

आवाज ऐकून शेजारीण दारात आली.

“बरं झालं आलात. सकाळपासून फोन वाजतोय. मला वाटलं, मावशी गेल्याचं कुणाला तरी कळलंच नाही वाटतं.”

“किती वेळा वाजला?”

“तीनदा. थांबा, मी दळण घेऊन आले तेव्हाही वाजत होता. चारदा.”

चारातला एक तिचा. उरले तीन. भावाशिवाय या नंबरावर तीनदा कोण करणार? जीव भांड्यात पडला असं नाही म्हणता येणार, पण भांड्याच्या काठापर्यंत आला. भाऊ बोलू शकत होता, चालू शकत होता, कुणाकडे तरी फोन मागू शकत होता. तिने वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिलीला टोक केलं.

अडीच वाजता फोन वाजला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिने रिसीव्हर उचलला.

“बोल.”

“नमस्कार, टेलिफोन कार्यालयातून बोलतोय. कनेक्शन बंद करण्याचा अर्ज तुमचाच ना? सकाळपासून तीनदा केला, कुणी उचलतच नाही.”

तिने पेन्सिल वहीवर ठेवली.

“तीनदा तुम्हीच केलात?”

“हो तर. आज पाचला लाइन बंद होईल, एवढंच सांगायचं होतं.”

“बंद करू नका. मी अर्ज मागे घेते.”

“मागे घ्यायलाही अर्ज करावा लागतो, बाई. तोपर्यंत आधीचा धरला जातो.”

“साहेब,” ती म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे कळून तिने तो खाली आणला. “तीन महिने उशीर केलात, अजून एक दिवस करा. माझा भाऊ तिकडे आहे. सकाळी हललं तिकडे. त्याला हा एकच नंबर पाठ आहे.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज थांबला.

“तुमचा कागद आज ढिगाऱ्यात खाली गेला असं समजा,” कारकून म्हणाला. “ठेवतो मी. लाइन मोकळी असू दे.”

तिने रिसीव्हर ठेवला. माणूस भला होता, पण त्याच्या भलेपणाने तिच्याजवळचे तीनही फोन नेले होते. आता काहीच नव्हतं. ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरायला लागली. संडासला जायचं तर दार उघडं ठेवून गेली. पेल्यातलं पाणी मख्ख होतं. इतक्या शांत पाण्याचा तिला राग आला.

साडेतीनला शेजारीण पुन्हा आली, चहा घेऊन. तिच्या चेहऱ्यावरूनच काहीतरी कळलं.

“तिकडे पुन्हा हललं म्हणे, तीन वाजता. बातम्यांत सांगतायत. सकाळी ज्या इमारती नुसत्या तडकल्या होत्या, त्या आता खाली आल्या.” मग चहा पुढे करत ती म्हणाली, “एकदा लावून तर बघा मोबाइलवर. वाजला तरी जिवाला बरं वाटेल.”

तिने मोबाइल हातात घेतला. भावाचा नंबर समोर आला. अंगठा टेकवायचा तेवढा बाकी होता.

बारा वर्षांची असताना सुट्टीत ती याच घरात आली होती. आई तर आधीच गेलेली, गावाकडे बाबा आणि आठ वर्षांचा भाऊ. रेडिओवर बातमी लागली तेव्हा मावशी बाहेर गेली होती. तिने याच स्टुलावर चढून याच फोनवरून घरी फोन लावला. उचलला नाही, पुन्हा लावला. उचलला नाही, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. बाबांच्या आवाजात “हॅलो” एवढं आलं, आणि मग काहीच आलं नाही.

पहिल्या धक्क्यात घर उभं होतं. बाबा आणि भाऊ अंगणात सुखरूप होते. घरात फोन वाजत राहिला म्हणून बाबा आत गेले, आणि दुसऱ्या धक्क्यात घर त्यांच्यावर आलं. हे तिला पाच दिवसांनी कळलं. मावशीने तिला समोर बसवून सांगितलं, “फोन तू केला नाहीस. मी केला. विषय संपला.” चार लोकांतही मावशीने तेच सांगितलं. नातेवाइकांनी मावशीला वर्षानुवर्षं बोल लावले, हिच्या फोनने माणूस घालवला म्हणाले. मावशीने ते सगळं अंगावर घेतलं, दोघा भावंडांना वाढवलं आणि तो नियम घातला. भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशी गेल्यावर त्याला सांगायचं असं तिने ठरवलं होतं, आणि सात महिने ती रोज उद्यावर ढकलत होती.

तिने अंगठा उचलला आणि मोबाइल शेजारणीच्या हातात दिला.

“हा तुमच्याकडे ठेवा. मी मागायला आले तरी देऊ नका.”

“अहो, पण…”

“रडून मागितला तरी देऊ नका.”

चहावर साय धरली. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं आणि भिंतीवरून निघून गेलं. पाच वाजले तेव्हा तिने रिसीव्हर उचलून पाहिला. लाइन चालू होती. तिने तो इतक्या घाईने खाली ठेवला, की नीट बसला की नाही म्हणून पुन्हा दोनदा दाबला. नको ते मनात येत होतं. तिसरा मजला. पोरगी सात वर्षांची. मन चिंती ते वैरी न चिंती, असं मावशी म्हणायची आणि स्वतः रात्रभर जागायची.

सव्वासहाला फोन वाजला.

“ताई?”

ती स्टुलावर बसली.

“बोल.”

“वाटलंच, तू तिथे असशील. आम्ही तिघंही बरे आहोत. शाळेच्या मैदानात आहोत. दुसऱ्या कुणाचा तरी फोन आहे, माझ्यामागे रांग आहे.”

“लागलंय का कुणाला?”

“पोरीचा गुडघा फुटलाय. भूकंपाने नाही, मैदान दिसलं म्हणून पळत सुटली.”

ती हसली.

“आणि तुझा फोन?”

“वर घरातच राहिला. ही सकाळपासून मागे लागली होती. ताई फोन करत असतील, त्यांचा जीव वरखाली होत असेल, जाऊन घेऊन या म्हणाली. लोक जात होते गं वर, सामान आणायला. मी म्हटलं, फोन वाजणारच नाही, तर आणायचा कशाला? मग तीनला पुन्हा हललं. जिना गेला.”

“कुणी होतं जिन्यात?”

“आम्ही नव्हतो.”

तिने पेन्सिल घट्ट धरली होती. पलीकडे माणसांचा गलका येत होता, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

“पण मी नाही करणार याची तुला एवढी खात्री कशी?”

“एकदा केला होतास ना,” तो म्हणाला. “परत कशी करशील?”

खिडकीतून संध्याकाळचा वारा आला आणि वहीची पानं हलली. तिने ती हाताने दाबून धरली.

“तुला मावशीने सांगितलं?”

“मावशी कशाला सांगतेय. मी अंगणातच होतो की. घंटी वाजली तसे बाबा म्हणाले, ताईचा असणार, काळजी करत बसली असेल पोर. सांगून येतो तिला.”

बत्तीस वर्षं तो हे घेऊन तिच्याशी हसला होता, भांडला होता, दर आठवड्याला जेवलीस का म्हणून विचारत होता.

“ताई, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

“ठेवू का? मागची माणसं खोळंबलीत. त्यांचंही कुणीतरी बसलं असेल.”

“ठेव. पोरीचा गुडघा धू.”

लाइन तुटल्यावरही ती रिसीव्हर कानाशी धरून होती. मग तिने तो नीट जागेवर ठेवला आणि मावशी लिहायची तसं वहीत लिहिलं. सव्वासहा. तिघं मैदानात. सुखरूप.

शेजारीण मोबाइल घेऊन दारात आली तेव्हा ती खिडकीशी उभी होती.

“घंटी ऐकली म्हणून आले. काय म्हणाला?”

“बरे आहेत.”

तिने खिडकीतला पेला उचलला आणि त्यातलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मग ती आत गेली, पेला विसळला, पुन्हा अर्धा भरला आणि फोनजवळ आणून ठेवला.